जमीन झाली लेखिका, घार निघाली आगलावी! देशज ज्ञानाचा धमाल स्कोअरबोर्ड

माहीत आहे का? शोधपत्रिकांमध्ये चक्क एका जमिनीच्या नावावर निबंध छापले गेले आहेत! आणि सहलेखिका म्हणून शेवटी कुठेतरी नव्हे, पहिल्या नंबरावर!

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला आर्नहेम लँडमध्ये बावाका नावाचा किनारपट्टीचा प्रदेश आहे. तिथल्या योल्ङू कुटुंबातल्या स्त्रिया आणि विद्यापीठातल्या भूगोलाच्या अभ्यासक एकत्र संशोधन करतात. त्यांचं म्हणणं सरळ आहे. हे सगळं आम्हाला या वाळूने, वाऱ्याने, भरती-ओहोटीने शिकवलं, मग श्रेय या भूमीचंच. म्हणून २०१३ च्या त्यांच्या निबंधावर पहिलं नाव झळकलं, ‘बावाका कंट्री’. सायटेशन, म्हणजे एका पेपरने दुसऱ्याचा दिलेला दाखला, मोजणारं सॉफ्टवेअर माणूस की माती असं विचारत बसत नाही. नाव दिसलं की मोजलं!

नदी तरी मागे का राहील? पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फिट्झरॉय नदीचं मूळ नाव मार्टुवारा. २०२० पासून ‘मार्टुवारा रिव्हर ऑफ लाइफ’ या नावाने तीही शोधनिबंधांची लेखिका आहे. प्रवाही लेखन म्हणतात ते हेच!

तर मंडळी, आजचा विषय आहे देशज ज्ञानावरच्या संशोधनाची मोजदाद. म्हणजे आदिवासी, कोळी, मेंढपाळ, वैदू, शेतकरी यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या शहाणपणावर जगात किती पेपर छापले जातात, कोण छापतं, आणि ते मोजायचे कसे? विषय जड वाटतोय? थांबा, मजा आत्ता सुरू होतेय.

भिंतीवर चढला ग्राफ

माहीत आहे का, विज्ञानाची वाढ अक्षरशः नजरेत भरली ती सिंगापूरच्या एका घरात? १९४० च्या दशकाच्या अखेरीस डेरेक डी सोला प्राइस नावाचा तरुण तिथल्या रॅफल्स कॉलेजात शिकवत होता. कॉलेजच्या लायब्ररीचं काम चालू होतं, म्हणून रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’चे १६६५ पासूनचे जुने खंड त्याने घरी नेऊन ठेवले. दहा-दहा वर्षांचे गठ्ठे करून भिंतीला टेकवले आणि बघतो तर काय, प्रत्येक गठ्ठा आधीच्यापेक्षा उंच! भिंतीवर आपोआप ग्राफ उभा राहिला होता. याच निरीक्षणातून पुढे १९६३ चं ‘लिटल सायन्स, बिग सायन्स’ हे पुस्तक आलं.

आणि पेपर-पुस्तकं मोजण्याच्या या शास्त्राच्या बारशाला भारतीय हजर होता, हे माहीत आहे का? १९४८ मध्ये इंग्लंडमधल्या एका परिषदेत एस. आर. रंगनाथन यांनी ‘लायब्रामेट्री’ ही कल्पना मांडली. ग्रंथालयाची कामंही गणिताने मोजा! मूळचे गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे आकडे त्यांच्या बोटांवर. ‘बिब्लिओमेट्रिक्स’ हा आजचा लोकप्रिय शब्द ॲलन प्रिचर्ड यांनी वापरला १९६९ मध्ये. म्हणजे आपला माणूस २१ वर्षं आधी पोहोचला होता!

आता एक शॉकर. १९२६ मध्ये आल्फ्रेड लोट्का यांनी दाखवलं की एखाद्या विषयात लिहिणाऱ्यांपैकी साधारण ६० टक्के लोक आयुष्यात एकच पेपर लिहितात. एकच! वनपेपर वंडर!

झुलूलँडमधून स्कोअर अपडेट

देशज ज्ञानाचे पेपर मोजण्यात एक ठळक नाव आहे दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूलँड विद्यापीठाचं. तिथल्या डेनिस ओचोला आणि ओम्वोयो बोसिरे ओन्यांचा या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकांनी १९९० ते २००४ या काळातल्या प्रकाशनांचा हिशोब मांडला. त्यांच्या २००५ च्या निबंधाचं शीर्षकच बोलकं आहे. ‘परिघावर ढकललेलं ज्ञान’ असा त्याचा भाव. मोजमाप लंडन-न्यूयॉर्कमधून नव्हे, झुलूलँडमधून झालं, हे मला फार आवडतं.

२००२ हे वर्ष तर या विषयाचं बंपर वर्ष! त्या एका वर्षात दक्षिण आफ्रिकेत ‘इंदिलिंगा’ ही देशज ज्ञानाला वाहिलेली शोधपत्रिका सुरू झाली, भारतात ‘इंडियन जर्नल ऑफ ट्रॅडिशनल नॉलेज’ सुरू झालं आणि आपल्या संसदेत जैवविविधता कायदाही मंजूर झाला. हॅटट्रिक!

पण हा ग्राफ वर चढला कसा? थोडं फ्लॅशबॅक. ‘एथ्नोबॉटनी’, म्हणजे लोकांच्या वनस्पतीज्ञानाचा अभ्यास, हा शब्द अमेरिकेत १८९५ मध्ये हार्शबर्गर यांनी आणला. पुढे कित्येक दशकं हा मूठभर लोकांचा छंदवजा अभ्यास राहिला. मग १९७९ मध्ये ‘जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजी’, १९८१ मध्ये ‘जर्नल ऑफ एथ्नोबायॉलॉजी’. आणि १९९२ मध्ये रिओ! तिथल्या जैवविविधता कराराच्या कलम ८ (जे) मध्ये आदिवासी आणि स्थानिक समाजांचं ज्ञान जपायचं असं लिहिलं गेलं, आणि तिथून या विषयाला पंख फुटले. करार झाला की निधी येतो, निधी आला की प्रकल्प येतात, प्रकल्प आले की पेपर येतात. वाढीचं इंजिन इतकं साधं आहे.

माहीत आहे का? १३ सप्टेंबर २००७ ला संयुक्त राष्ट्रांत आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला, ११ देश तटस्थ. विरोधातले ते चार कोण? अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. आणि आदिवासींच्या ज्ञानावर भरभरून पेपर छापणाऱ्या देशांच्या यादीत वरच्या रांगेत पुन्हा हेच देश दिसतात! २०१० च्या अखेरपर्यंत चौघांनीही भूमिका बदलून पाठिंबा दिला, हेही नोंदवायलाच हवं. भारताचं मत पहिल्या दिवसापासून बाजूने.

‘दुप्पट झालं’ म्हणजे किती?

इथे एक ट्रिक शिकून घ्या, कुठल्याही आकड्याला फसणार नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार जगातलं एकूण वैज्ञानिक साहित्यच वर्षाला सरासरी ४.१ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे साधारण १७ वर्षांत दुप्पट. आता कुणी टाळी मागून सांगितलं, ‘आमच्या विषयातले पेपर १७ वर्षांत डबल झाले!’, तर शांतपणे म्हणायचं, ‘म्हणजे तुम्ही जागच्या जागीच आहात.’ खरी वाढ ती, जी सगळ्यांच्या वाढीला मागे टाकते.

आणि शोधायचं कुठल्या शब्दाने? हा तर खरा गुगली! कुणी ‘इंडिजिनस नॉलेज’ म्हणतं, कुणी ‘ट्रॅडिशनल इकॉलॉजिकल नॉलेज’, कुणी ‘लोकल नॉलेज’, न्यूझीलंडमध्ये ‘माताउरांगा माओरी’. एक शब्द सुटला की शेकडो पेपर सुटले. उलट नुसतं ‘इंडिजिनस’ टाइप केलं की देशी गायींच्या जाती येतात, मातीतले स्थानिक जीवाणू येतात. आपल्याकडे तर आयएनएस विक्रांतलाही इंग्रजीत ‘इंडिजिनस एअरक्राफ्ट कॅरिअर’ म्हणत! शोधायला गेलो रानभाजी, हाती लागली युद्धनौका!

डेटाबेसही अगदी काल-परवाचे आहेत हं. विज्ञानातली पहिली मोठी सायटेशनसूची यूजीन गारफिल्ड यांनी फिलाडेल्फियातून १९६० च्या दशकात काढली. ‘स्कोपस’ आणि ‘गूगल स्कॉलर’ दोन्ही २००४ चे. त्यामुळे जुन्या काळातला तुटवडा हा थोडा खरा तुटवडा आणि थोडा नोंदींचा तुटवडा.

८० टक्क्यांची दंतकथा

हे वाचून मी स्वतः हादरलो होतो. तुम्ही कुठेतरी नक्की वाचलं असेल, ‘जगातली ८० टक्के जैवविविधता आदिवासींच्या भूमीत आहे.’ भाषणात, अहवालात, पोस्टरवर, सगळीकडे. माहीत आहे का, या आकड्याला मुळात आधारच नाही?

२०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये संशोधकांच्या एका गटाने, ज्यात आदिवासी अभ्यासकही होते, हा आकडा कुठून आला त्याचा माग काढला. तेव्हा सुमारे ३५० दस्तऐवजांत तो सापडला, आणि त्यातले निम्म्याहून अधिक तज्ज्ञांनी तपासलेले शोधनिबंध! एकाने दुसऱ्याचा दाखला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याचा, आणि मुळाशी जावं तर मोजणीच नाही. आदिवासींनी निसर्ग राखला हे शंभर टक्के खरं, त्याचे भक्कम पुरावे आहेत. म्हणूनच त्याला कच्च्या आकड्याचा टेकू द्यायचा नाही, असं हे लेखक तळमळीने सांगतात. मला ते मनापासून पटतं. सायटेशन वाढले म्हणजे सत्य वाढलं असं नाही!

सीएसआयआर विरुद्ध सीएसआयआर

आता या फीचरचा सुपरहिट आयटम. माहीत आहे का, सीएसआयआर, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, जगात एकच नाही? एक भारताची, एक दक्षिण आफ्रिकेची. आणि १९९० च्या दशकात दोघी नेमक्या उलट्या टोकांना उभ्या होत्या!

दक्षिण आफ्रिकेच्या सीएसआयआरने ‘हूडिया’ नावाच्या काटेरी वनस्पतीतल्या भूक मारणाऱ्या घटकावर पेटंट घेतलं. कालाहारीतले सान लोक लांबच्या शिकारीवर निघताना ही वनस्पती चघळत आले आहेत. पेटंटच्या वेळी त्यांना विचारलं कुणी? कुणीच नाही. बोभाटा झाल्यावर २००३ मध्ये नफ्यातला वाटा देण्याचा करार झाला. आणि सान गप्प बसले नाहीत. २०१७ मध्ये त्यांनी स्वतःची संशोधन-आचारसंहिता जाहीर केली. आमच्याकडे यायचं तर आदराने, प्रामाणिकपणे, न्यायाने वागा, आणि काय सापडलं ते परत येऊन सांगा! आफ्रिकेतल्या एखाद्या आदिवासी समाजाने स्वतः बनवलेली ही पहिली अशी संहिता मानली जाते. अभ्यासाचा विषय असलेल्यांनी अभ्यासकांनाच सिलॅबस दिला. वाजवा टाळ्या!

आता आपली सीएसआयआर. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला अमेरिकेत एक पेटंट मिळालं. कशावर? जखम भरायला हळद! होय, तीच हळद, जी गुडघा फुटला की घरोघरी डब्यातून चिमटीने निघते. त्यानंतर लवकरच सीएसआयआरच्या प्रमुखपदी आले डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे सुपुत्र. त्यांनी पेटंटला आव्हान दिलं आणि हळदीच्या या लढाईला नाव पडलं ‘हळदीघाटी’.

पण इथे कायद्याची मेख होती. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातलं तोंडी ज्ञान पुरावा म्हणून चालत नव्हतं. ‘आमच्या घराघरात माहीत आहे’ म्हणून भागणार नव्हतं, छापील कागद हवा होता. मग सुरू झाली शोधाशोध. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांपासून १९५३ च्या इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधल्या निबंधापर्यंत ३२ संदर्भ जमले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. विकसनशील देशाने पारंपरिक ज्ञानाच्या जोरावर अमेरिकेचं पेटंट उलथवण्याचा हा पहिलाच गाजलेला विजय. पिवळं सोनं परत घरी!

या लढाईतून उभं राहिलं २००१ चं पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय, अर्थात टीकेडीएल. आयुर्वेद, युनानी, सिद्ध, योग यांच्या ग्रंथांतले चार लाखांहून अधिक पाठ त्यात आहेत, आणि तेही इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानीत. का? कारण म्युनिकच्या युरोपीय पेटंट कार्यालयातल्या तपासनिसाला संस्कृत श्लोक वाचता येत नाही. वाचता आला, तर तो पेटंट देत नाही. सिंपल! मोठी गंमत ही, की हा खजिना सगळ्यांसाठी खुला नाही. तो प्रामुख्याने पेटंट कार्यालयांसाठी, गुप्ततेच्या करारावर. म्हणजे पारंपरिक ज्ञानाच्या जगातल्या अत्यंत मोठ्या साठ्यांपैकी एक सायटेशनच्या खेळात जवळपास उतरतच नाही.

ताजी बातमी हवी? २४ मे २०२४ ला जिनिव्हात जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सदस्य देशांनी नवा करार स्वीकारला. जनुकीय संसाधनं आणि त्यांच्याशी जोडलेलं पारंपरिक ज्ञान वापरून पेटंट मागायचं असेल, तर ते कुठून आणलं हे सांगावं लागेल. वाटाघाटींना किती वेळ लागला? सुमारे २५ वर्षं!

थँक्यू कुणाला म्हणालात?

माहीत आहे का, भारतातल्या औषधी वनस्पतींवरचं युरोपीय भाषेतलं एक अगदी आद्य छापील पुस्तक गोव्यात छापलं गेलं? १५६३, गार्सिया द ओर्ता. पोर्तुगीज डॉक्टर, राहायला गोव्यात. पुस्तक संवादरूपात, मध्येच स्थानिक वैद्यांच्या माहितीचे उल्लेख. पोर्तुगालचा महाकवी कामोइश याची छापून आलेली पहिली कविताही याच पुस्तकात आहे! शेवट मात्र काळीज चिरणारा. ओर्ता गेल्यावर बऱ्याच वर्षांनी इन्क्विझिशनने त्याला गुप्त ज्यू ठरवलं आणि १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून जाळल्या.

आणि हा पुढचा किस्सा तर फ्रेम करून लावावा असा. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅममध्ये ‘हॉर्टस मलबारिकस’चे १२ खंड निघाले. कर्ता डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड, वनस्पती केरळच्या. पण ज्ञान कुणाचं? वैद्य इट्टी अच्युतन यांचं, आणि रंगभट, विनायक पंडित, आपूभट या तीन कोकणी वैद्यांचं. ऱ्हीडने त्यांची दाखलापत्रं त्यांच्याच लिपीत, सहीसकट, पुस्तकात छापली! कोकणी वैद्यांचं पत्र नागरी अक्षरांत, १६७५ सालचं. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडच्या छापखान्यातून आपली देवनागरी बाहेर पडली, ती सांगणाऱ्याच्या नावासकट. आजच्या कित्येक पेपरांत ‘स्थानिकांकडून माहिती मिळाली’ एवढ्यावर काम उरकतात, तेव्हा मला हटकून ही तीन नावं आठवतात. हा लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणला केरळच्या के. एस. मणिलाल यांनी. आयुष्यातली अनेक दशकं त्यांनी या एका कामाला दिली.

उलटा नमुना? चीनच्या तू यूयू. मलेरियावरच्या औषधासाठी त्यांनी जुने ग्रंथ चाळले. चौथ्या शतकातल्या गे होंग याच्या पुस्तकात एका वनस्पतीचा पाला गार पाण्यात भिजवून पिळायला सांगितलं होतं. उकळायला नाही! तिथेच त्यांची ट्यूब पेटली, उष्णतेने औषध मरत असणार. कमी तापमानात अर्क काढला आणि आर्टेमिसिनिन हाती आलं. १९७७ चा पहिला निबंध मात्र कुणा एकाच्या नावाने नव्हे, गटाच्या नावाने निघाला. डॉक्टरेट नाही, परदेशी शिक्षण नाही, चीनच्या विज्ञान अकादमीचं सदस्यत्व नाही. तरीही २०१५ चं नोबेल!

आकाशातून आग, पाण्याखालून गाणं

मुंबईच्या आकाशात घिरट्या घालणारी घार ओळखता ना? माहीत आहे का, त्याच जातीची ऑस्ट्रेलियातली घार आग लावते? वणव्यातली पेटती काटकी चोचीत किंवा पंजात धरायची, दूर गवतात नेऊन टाकायची आणि घाबरून बाहेर पळणारे उंदीर-सरडे गट्टम करायचे! तिथले मूळनिवासी हे कधीपासून सांगत होते. १९६२ च्या एका आत्मकथनातही त्याचा उल्लेख आहे. शोधनिबंध आला थेट २०१७ मध्ये. पंचावन्न वर्षांचा लॅग!

मोझांबिकमधले याओ लोक तोंडाने ‘ब्रर्र-हम्’ असा आवाज काढतात आणि रानातला मधदर्शक पक्षी त्यांना मोहोळापर्यंत नेतो. मध माणसाला, मेण पक्ष्याला, सेटिंग पक्की! २०१६ मध्ये ‘सायन्स’ने आकडे छापले. ही खास हाक दिली तर मोहोळ सापडण्याची शक्यता १६ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर जाते.

आता अलास्का. माझ्या मते या सगळ्या विषयातली ही सर्वांत भारी गोष्ट, म्हणून जरा ऐसपैस सांगतो. १९७७ मध्ये देवमाशांच्या शिकारीचं नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने इन्युपियाक लोकांच्या बोहेड देवमाशांच्या शिकारीवर बंदी घातली. कारण? शास्त्रज्ञांच्या अंदाजाने देवमासे दोन हजारांच्याही आत उरले होते. मोजणी कशी? बर्फाच्या कडेला उभं राहून, मोकळ्या पाण्यातून जाणारे मासे डोळ्यांनी मोजायचे. इन्युपियाक म्हणाले, अहो, ते सगळे मोकळ्या पाण्यातून जातच नाहीत! बरेचसे बर्फाखालून जातात, डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतात, आणि किनाऱ्यापासून लांबूनही जातात. आधी कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग पाण्याखाली मायक्रोफोन सोडले, आणि अंधारातून देवमाशांची गाणीच गाणी ऐकू आली! मोजणीची पद्धत बदलली. संख्या आधीच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघाली. पुढे कळपही वाढले, आणि २०११ च्या मोजणीत आकडा १६ हजारांच्या पुढे होता. पेपर छापणारे शास्त्रज्ञ आणि बर्फ जाणणारे शिकारी एकत्र आले तेव्हाच गणित सुटलं.

आणखी एक झटपट. समुद्र वर चढून किनारे बुडाले, अशा कथा ऑस्ट्रेलियाच्या २१ ठिकाणचे आदिवासी सांगतात. २०१६ च्या एका निबंधाने त्या भूगर्भाच्या पुराव्यांशी ताडून पाहिल्या. निष्कर्ष, या आठवणी ७ हजार वर्षांहून जुन्या! पेनड्राइव्ह किती टिकतो हो?

इंग्रजीच्या पलीकडे एक तृतीयांश जग

माहीत आहे का? संशोधकांनी १६ भाषांत २०१४ सालचे जैवविविधता संवर्धनावरचे दस्तऐवज शोधले. सापडले ७५,५१३, आणि त्यातले ३५.६ टक्के इंग्रजीत नव्हते! म्हणजे फक्त इंग्रजीत मोजणाऱ्याच्या हातून एक तृतीयांशाहून जास्त माल निसटतो.

हे तरी लिहिलेलं. न लिहिलेल्याचं काय? २०२१ चा एक अभ्यास सांगतो, उत्तर अमेरिका, वायव्य ॲमेझॉन आणि न्यू गिनी इथल्या औषधी वनस्पतींचे १२,४९५ उपयोग तपासले, तर ७५ टक्क्यांहून जास्त उपयोग फक्त एकेका भाषेतच माहीत होते. ती भाषा बोलणारा शेवटचा माणूस गेला की उपचारही गेला.

आणि आपला स्कोअर?

मराठी मंडळी, कॉलर ताठ करा! पुण्याचे माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांचा पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा निबंध १९७६ मध्ये ‘इकॉनॉमिक बॉटनी’त आला. देवाच्या नावाने राखलेलं रान म्हणजे संवर्धनाचा अस्सल देशी नमुना, हे जगापुढे शास्त्रीय भाषेत मांडणाऱ्या सुरुवातीच्या निबंधांपैकी तो एक. मग १९९३ मध्ये गाडगीळ, कॅनडाचे फिक्रेत बर्केस आणि स्वीडनचे कार्ल फोल्के या त्रिकुटाचा देशज ज्ञान आणि जैवविविधतेवरचा लेख आला. या विषयात वारंवार उद्धृत होणाऱ्या लेखांत तो मोडतो. देवराईतून थेट ग्लोबल हिटलिस्ट!

मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये लिहिलं, सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो. रुग्ण फक्त ५०. पण त्या एका निबंधाने जगाचं लक्ष वेधलं आणि १९५७ मध्ये वकीलांना मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. लोट्काला सांगा, कधीकधी एक पेपरही पुरतो!

आणि अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे! शाळेत न गेलेल्या या महादेव कोळी बाईंनी देशी वाणांची बियाणं जपली, वाढवली, वाटली. पद्मश्री मिळाली, बीजमाता म्हणून नाव झालं. संशोधकांचे पेपर आणि सायटेशन यांवरून त्यांचा ‘एच-इंडेक्स’ काढायचं सूत्र हर्श यांनी २००५ मध्ये दिलं. बियाण्यांचा इंडेक्स काढणारं सूत्र अजून कुणी दिलेलं नाही, आणि ते कुणीतरी द्यावं असं मला कळकळीने वाटतं.

आता शेवटची खुशखबर. माहीत आहे का, अमेरिकेतल्या लोकप्रिय संदर्भपद्धतीत एखाद्या ज्येष्ठाने तोंडी सांगितलेली गोष्ट ‘खासगी संभाषण’ धरली जाते? मजकुरात उल्लेख येतो, पण शेवटच्या संदर्भयादीत नाव येत नाही. यादीत नाही म्हणजे मोजणीत नाही! कॅनडातल्या क्री समाजाच्या ग्रंथपाल लोरिसिया मॅक्लाउड यांनी यावर तोडगा काढला. आदिवासी ज्येष्ठांचा संदर्भ पुस्तकाच्या बरोबरीने यादीत द्यायचा नमुनाच त्यांनी बनवला, आणि २०२१ मध्ये त्यावर लेख लिहिला. नाव, समाज, ठिकाण, विषय, तारीख, सगळं रीतसर. अनेक विद्यापीठांनी तो उचलला.

आपल्याकडे तर दार आधीच उघडं आहे. २००२ च्या त्याच जैवविविधता कायद्यामुळे गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. रानभाज्या, मासे, पिकांचे वाण, औषधी झाडं, जाणकारांची माहिती, सगळं त्यात येतं. पुढच्या वेळी गावी गेलात की ग्रामपंचायतीत विचारा, आमची नोंदवही कुठे आहे? असेल तर वाचा, अर्धवट असेल तर भर घाला. फक्त लिहिण्याआधी सांगणाऱ्याची परवानगी घ्या, आणि त्यांचं पूर्ण नाव त्यांना हवं तसं लिहा.